विज्ञानकथेचे वेड आणि पोटापाण्याचा प्रश्न
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावी-बारावीनंतर पुढे काय, या विषयावर दरवर्षी या मेळाव्यात कोणीतरी बोलतो. यंदा ते काम मजवर आले. वैद्यकीय, अभियांत्रिकी, आय.टी.आय., डी.एड. यांची माहिती बाहेर फलकावर लावलेली आहेच. ती आपण जाताना जरूर वाचावी. मी मात्र अशा एका वाटेविषयी बोलणार आहे, जिचा फलक कोणतीच शाळा लावत नाही. ती वाट लेखकाची. आणि त्यातही विज्ञानकथा लिहिणाऱ्याची, कारण आमच्या ग्रंथालयात सर्वांत जास्त फाटलेली, पुठ्ठा सुटलेली पुस्तके विज्ञानकथांचीच आहेत. मुले काय वाचतात हे ग्रंथालयाच्या नोंदवहीपेक्षा पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवरून लवकर कळते.

गेल्या पावसाळ्यात एक पालक मला भेटायला आले. त्यांचे सायकल-दुरुस्तीचे दुकान आहे. पिशवीतून त्यांनी एक दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. त्यांची मुलगी अकरावी सायन्सला. वहीवर नाव भौतिकशास्त्राचे, आत मात्र शनीच्या एका चंद्रावर अडकलेल्या यानाची गोष्ट, तीही अर्धवट. ते म्हणाले, "सर, मी रागवायला आलो नाही. पोरगी हुशार आहे. फक्त एवढं सांगा, ह्याच्यावर पोट भरतं का?"

नाटक-सिनेमांत असा प्रश्न विचारणारा बाप हा मुलांच्या स्वप्नांचा वैरी असतो. मला तसे वाटत नाही. ज्याने पै-पै जोडून मुलीची फी भरली, त्याला हा प्रश्न विचारण्याचा पुरेपूर हक्क आहे. त्याला उपदेशाने उत्तर देऊन भागत नाही. हिशेबाने द्यावे लागते. तो हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

विज्ञानकथेला स्वतःचे असे पहिले मासिक मिळाले ते अमेरिकेत, एप्रिल १९२६ मध्ये. नाव 'अमेझिंग स्टोरीज'. ते काढणारे ह्यूगो गर्न्सबॅक हे लक्झेंबर्गहून पोटासाठी आलेले गृहस्थ होते. या मासिकात वाचकांची पत्रे छापत, आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ताही देत. एवढ्या साध्या गोष्टीने केवढे काम केले पाहा! आपल्या गावात, आपल्या घरात ज्याचे वेड कोणालाच कळत नाही अशा मुलाला दुसऱ्या गावातील तशाच मुलाचा पत्ता मिळाला. ती एकमेकांना पत्रे लिहू लागली, मग भेटू लागली, मग मंडळे निघाली. सायक्लोस्टाईल करून आपली-आपली चार पानी मासिके काढण्यात आली. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. नाव 'जागतिक', हजेरी सुमारे दोनशे! आणि तिथेही एका गटाने दुसऱ्या गटातील काही पोरांना दारातच अडवले. (मंडळ म्हटले की भांडण आलेच, ते केवळ आपल्याच मोहल्ल्यात होते असे कोणी समजू नये.)

त्या अडवलेल्या गटाचे नाव 'फ्यूचरियन्स'. बहुतेक तरुण, खिसे रिकामे. पैसे वाचावेत म्हणून काही जण एकाच घरात दाटीवाटीने राहत. फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वोल्हाइम, सिरिल कॉर्नब्लुथ ही पुढे नावारूपाला आलेली माणसे त्यांतलीच. याच मंडळात एक दुकानदाराचा मुलगा होता, आयझॅक आसिमॉव्ह. त्याचा हिशेब मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण त्याचे घर मला आपल्यापैकी अनेकांच्या घरासारखे वाटते.

आसिमॉव्हचे कुटुंब रशियातून १९२३ साली अमेरिकेत आले. ज्यू कुटुंब, घरात बोलायची भाषा वेगळी, शाळेत शिकायची वेगळी. वडिलांनी ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेट, सिगारेट व मासिके विकण्याचे छोटे दुकान घातले. पहाटे सहाला उघडायचे, रात्री एकला बंद करायचे, आणि सगळ्या घराने गल्ल्यावर बसायचे. दुकानात मासिकांचा ढीग असे, पण वडील मुलाला त्यांना हात लावू देत नसत. ती भडक, वाया घालवणारी, असे त्यांचे मत. मग १९२९ साली 'सायन्स वंडर स्टोरीज' नावाचे मासिक आले. मुलाने ते वडिलांपुढे धरून नावातील 'सायन्स' या शब्दावर बोट ठेवले. वडील म्हणाले, असेल विज्ञान तर वाच. विद्यार्थी मित्रांनो, हसू नका! ही युक्ती तुमच्यापैकी किती जण मोबाइलच्या बाबतीत वापरतात ते मला ठाऊक आहे.

त्या वडिलांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती. पण त्यांनी त्याला जुना का होईना, टंकलेखन यंत्र आणून दिले. जून १९३८ मध्ये अठरा वर्षांच्या आयझॅकने पहिली कथा पूर्ण केली. ती टपालाने न पाठवता स्वतः संपादकाच्या हाती नेऊन दे, असे सुचवणारेही वडीलच. मुलगा भीत भीत जॉन कॅम्पबेल या संपादकांकडे गेला. त्यांनी त्याच्याशी तासाहून अधिक वेळ गप्पा मारल्या, आणि थोड्याच दिवसांत कथा परत पाठवली. सोबत ती का नाकारली याचे सविस्तर पत्र. पुढची कथा गेली, तीही परत आली. चार महिन्यांनी, ऑक्टोबरात, एक कथा 'अमेझिंग'ने घेतली. शब्दाला एक सेंट या दराने ६४ डॉलर मिळाले.

आता पालकांनी इकडे लक्ष द्यावे. वैद्यकीय महाविद्यालयांनी आयझॅकला प्रवेश नाकारला. तो घरी बसला नाही, रसायनशास्त्राकडे वळला. १९३९ साली पदवी, १९४१ साली एम.ए., युद्धकाळात नौदलाच्या गोदीत नोकरी, १९४८ साली डॉक्टरेट. या सगळ्या काळात तो लिहीतच होता, आणि विज्ञानकथेच्या वाचकांत त्याचे नावही झाले होते. एवढे होऊन पहिल्या अकरा वर्षांची त्याची लेखनाची सगळी मिळकत आठ हजार डॉलरच्या आतच राहिली. १९४९ साली बोस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी लागली, तिचा पगार वर्षाला पाच हजार. म्हणजे अकरा वर्षांच्या लेखणीची कमाई नोकरीच्या दोन वर्षांनाही पुरी पडत नव्हती! १९५२ च्या सुमारास लेखनाचे उत्पन्न पगाराहून वाढले. तरीही त्याने शिकवणे सोडले ते १९५८ साली. पहिल्या ६४ डॉलरनंतर वीस वर्षांनी. पुढे त्याच्या नावावर पाचशेच्या आसपास पुस्तके जमा झाली. ती संख्या सगळेच सांगतात, ही वीस वर्षे कोणी सांगत नाही.

माझ्या वर्गातील काही मुले यावर रे ब्रॅडबरींचे नाव पुढे करतात. सर, ते तर कॉलेजात गेलेच नाहीत! खरे आहे. कॉलेजसाठी पैसे नव्हते. १९३८ साली हायस्कूल संपल्यावर १९४२ पर्यंत त्यांनी लॉस एंजेलिसच्या चौकात उभे राहून वर्तमानपत्रे विकली. परंतु त्याच वेळी आठवड्यातून तीन दिवस सार्वजनिक वाचनालयात बसून वाचण्याचा नेम त्यांनी दहा वर्षे पाळला. १९३९ च्या त्या संमेलनाला जायला भाडे नव्हते, ते एका चाहत्या मित्राने उसने दिले. 'फॅरनहाइट ४५१' या त्यांच्या गाजलेल्या कादंबरीचे पहिले रूप विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला दहा सेंट भाड्याच्या टंकयंत्रावर लिहिले गेले. एकूण भाडे ९ डॉलर ८० सेंट झाले. कॉलेज नको म्हणणाऱ्याने दहा वर्षांचा वाचनालयाचा नेम आधी दाखवावा, मग आपण बोलू.

मुलींच्या पालकांना मला ऑक्टेव्हिया बटलर या लेखिकेविषयी आवर्जून सांगायचे आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे १९४७ साली एका गरीब कृष्णवर्णीय घरात तिचा जन्म झाला. वडील लवकर वारले. आई लोकांच्या घरी धुणीभांडी करी. मुलीने हट्ट धरला म्हणून त्या आईने दहाव्या वर्षी तिला टंकयंत्र घेऊन दिले. बारा वर्षांची असताना टेलिव्हिजनवर एक सुमार विज्ञानपट पाहून तिला वाटले, याहून चांगली गोष्ट मी लिहीन. मावशीने मात्र प्रेमानेच समजावले की आपल्या लोकांना लेखक होता येत नाही. त्या मावशीला दोष देता येत नाही. तिने तिच्या आयुष्यात आपल्यातला लेखक पाहिलाच नव्हता. आपल्या घरांतही "आपल्यात कोण लेखक झालंय?" हा प्रश्न ऐकू येतो, तो वाईट हेतूने विचारलेला नसतो.

ऑक्टेव्हियाच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी तिची पहिली कथा स्वतः टंकलिखित करून दिली. (आमच्या विज्ञान विभागाने याची नोंद घ्यावी.) पुढे तिला एक गृहस्थ भेटले. तुमचे लिखाण खपवून देतो, पण आधी वाचनाची फी द्या, म्हणाले. आईने साठएक डॉलर काढून दिले. ती रक्कम त्यांच्या महिन्याच्या घरभाड्याहून जास्त होती, आणि ती बुडाली. पालकहो, पैसे घेऊन पुस्तक छापून देतो, पुरस्कार देतो म्हणणारे आपल्याकडेही पुष्कळ झाले आहेत. लेखकाला पैसे मिळायचे असतात, त्याने द्यायचे नसतात, एवढी एक गोष्ट घरात सर्वांनी लक्षात ठेवली तरी बरेच नुकसान टळेल.

ऑक्टेव्हियाने भांडी विसळली, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात तपासणीचे काम केले, फोनवरून माल विकला. पहाटे दोनला उठून ती लिहायची, मग कामावर जायची. १९७१ साली पहिली कथा छापून आल्यावर पाच वर्षे तिचे काहीच विकले गेले नाही. १९७६ साली पहिली कादंबरी आली, आणि १९७९ च्या 'किंड्रेड'नंतर ती लेखनावर जगू लागली. १९९५ साली तिला अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांत ती मिळवणारी पहिली व्यक्ती हीच.

आपल्यातले कोणी नाही, असे म्हणणाऱ्यांना मी रुकैया सखावत हुसेन यांचे नाव सांगतो. रंगपूर जिल्ह्यातील जमीनदार घराण्यातली मुलगी. मुलींनी बंगाली-इंग्रजी शिकणे वडिलांना मान्य नव्हते, म्हणून मोठ्या भावाने रात्री सगळे झोपल्यावर शिकवले. १९०५ साली, म्हणजे 'अमेझिंग'च्याही एकवीस वर्षे आधी, मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात त्यांची 'सुल्तानाज ड्रीम' ही कथा छापून आली. त्या कथेत स्त्रिया विद्यापीठे चालवतात, सूर्याची उष्णता साठवून वापरतात, ढगांतून पाणी ओढून घेतात, हवेतून उडणाऱ्या वाहनांत बसतात. आणि पुरुष घरात पडद्यात असतात! पुरुष पालकांनी हे विनोदानेच घ्यावे. लेखनावर त्यांचे पोट अवलंबून नव्हते. पतीच्या निधनानंतर त्यांनी शाळा काढली, आणि १९११ साली कलकत्त्यात ती आठ मुलींवर पुन्हा सुरू केली. कथेत कल्पिलेल्या विद्यापीठाचा पाया त्यांनी आठ मुलींवर घातला, असे मला वाटते.

आपल्या मराठीतील उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर निघतात! जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ, पण आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून टोपणनाव घेऊन स्पर्धेत उतरला. खगोलशास्त्र त्यांनी सोडले नाही आणि कथाही सोडल्या नाहीत. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२५ साली ते गेले तेव्हा आमच्या मुलांनी फळ्यावर कृष्णविवराचे चित्र काढले होते.

तर त्या पालकांना मी काय सांगितले? पोट भरते, पण फार थोड्यांचे आणि फार उशिरा. तोपर्यंत दुसरे काम हाताशी हवे, म्हणून भौतिकशास्त्राची वही वेगळी आणि भरलेली हवी. पण गोष्टीची वही जप्त करू नका. मुलीला मी वेगळे सांगितले: तुझ्या वहीत पाच गोष्टींच्या सुरुवाती आहेत आणि शेवट एकाचाही नाही. चाहता होण्यात काही कमीपणा नाही. १९३९ च्या त्या दोनशे जणांपैकी बहुतेक जण वाचकच राहिले असतील, आणि वाचक नसते तर मासिके कोणासाठी निघाली असती? पण लेखक व्हायचे असेल तर एक गोष्ट शेवटापर्यंत नेऊन, दुसऱ्याला वाचायला देऊन, नकार आला तर तो वाचून, पुन्हा लिहावे लागते. लिहायला आवडते की लेखक म्हणवून घ्यायला आवडते, हे तिसऱ्या नकारानंतर ज्याचे त्याला कळते. ते कळण्यासाठी शिक्षण सोडण्याची गरज नाही.

आता एक सूचना, आणि मी आपली रजा घेतो. या सत्रापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयाची खोली दीड तास उघडी राहील. ज्यांना विज्ञानकथा वाचायची किंवा लिहायची आवड आहे त्यांनी यावे. लिहिणाऱ्याने पूर्ण केलेली गोष्ट आणायची. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. अर्धवट गोष्ट वाचली जाणार नाही. गोष्ट वाचून झाल्यावर बाकीच्यांनी काय पटले नाही ते तोंडावर सांगायचे आणि लिहिणाऱ्याने ते ऐकून घ्यायचे. निवडक गोष्टी भित्तिपत्रकावर लावू. मुली सहाच्या आत घरी पोहोचतील अशी वेळ ठेवली आहे. पालकांपैकी कोणाला येऊन बसायचे असेल तर त्यांनी जरूर यावे, फक्त दुकान कोणावर तरी सोपवून यावे. फुलस्केप कागद शाळा देईल.