आपल्या पणजीचे माहेर कोणते?



 मी विषय घेतला आहे पूर्वजांच्या शोधाचा.

मॉरिशस बेटावर मराठी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज बरेचसे कोकणातले. उसाच्या मळ्यात मजुरीचा करार करून ते जहाजाने गेले. 1834 पासून 1910 पर्यंत हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे तिथे उतरली. उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळे. वहीत नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, गाव, जिल्हा आणि जहाज लिहीत. पुढे पुढे फोटोही काढू लागले. त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. आज नातू-पणतू तिथे जातात, नंबर शोधतात आणि आपले मूळ गाव काढतात.

मला त्यात विशेष वाटले ते हे, की बायांनाही आपापला नंबर होता. मायेने कोणी लिहिले नाही, मजूर मोजायचे होते म्हणून लिहिले. पण नाव राहिले!

आता आपल्याकडे पाहा. आपण दर्यापूरच्या म्हणवतो. पण आपल्यातल्या कितीजणी दुसऱ्या गावाहून इथे आल्या! गाव सोडले, आडनाव सोडले, पुष्कळींचे तर लग्नात नावही बदलले. वंशावळीच्या कागदावर बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बाई त्यात सापडत नाही. श्राद्धाला आई, आजी, पणजी अशी तीन पिढ्यांची नावे घेतात. पुढची पिढी आली, की पणजीचे नाव जिभेवरूनही उतरते.

शोधायचे कुठे? आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत. मग तहसिलीतले कोतवाल बुक पाहा. त्यात जन्माची तारीख, मुलगा की मुलगी आणि बापाचे नाव मिळते. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर आणि जमिनीचे फेरफार पाहा. वारसाच्या नोंदीत लेकींची नावे निघतात. त्र्यंबकेश्वरी गेलात तर उपाध्यायांच्या वहीत आपले घराणे विचारा. आणखी एक ध्यानात ठेवा. 1905 पर्यंत आपला दर्यापूर तालुका एलिचपूर जिल्ह्यात होता. जुन्या कागदावर अमरावती नाही, एलिचपूर लिहिलेले असेल.

माझी विनंती एवढीच. मंडळाने एक जाड वही घालावी. प्रत्येकीने त्यात आपले, आईचे, आजीचे, पणजीचे नाव लिहावे. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि माहेरचे गाव. सासूबाईंच्या बाजूचेही लिहावे. जे ठाऊक नाही तिथे जागा कोरी सोडावी, विचारून भरावी. पण विचारायला उशीर करू नये. सांगणारी बुढी माय गेली, की ती जागा कायमची कोरीच राहते.