फुलावर फूल

प्राजक्ताची फुलं कॅमेऱ्यापेक्षा स्कॅनरच्या काचेवर जास्त खुलतात, असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. त्यातली पाच-सात ताजी फुलं उचलायची. काही काचेवर पालथी घालायची, काही आडवी, म्हणजे केशरी देठही दिसतात. झाकण मात्र लावायचं नाही, फुलं चेंगरतात. त्याऐवजी वरून काळं कापड धरायचं. मी त्यासाठी अम्मीचा जुना बुरखा वापरते. इतकं गर्द काळं कापड आमच्या घरात दुसरं नाही. काचेला टेकलेल्या पाकळीची शीर न् शीर उमटते आणि जरा वर राहिलेला भाग अंधारात विरून जातो.

श्रोतेहो, मी कवितेतली बाई. मराठी घेऊन बी.ए. झाले. संगणकाशी संबंध आला तो कविता टाइप करण्यापुरता. पण मुलानं त्यात चित्रांचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं, गिंप नावाचं, आणि गेली काही वर्षं मी फुलांच्या फोटोंवर फुलांचे फोटो ठेवत बसले आहे. एका चित्रात चार, कधी नऊ-दहा फुलं असतात. ती शेजारी-शेजारी नसतात, एकमेकांच्या आरपार असतात. ट्रेसिंग पेपरवर वेगवेगळी चित्रं काढून ते कागद एकावर एक ठेवावेत, तसं. या प्रत्येक कागदाला ‘लेयर’ म्हणतात. आपण थर म्हणू.

ही युक्ती संगणकाची नव्हे. ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकारानं इंग्लंडमध्ये १८५७ साली तीसएक निगेटिव्ह वापरून एकच भलंमोठं छायाचित्र तयार केलं होतं. संगणकावर मात्र ती सोय जरा उशिरा आली. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, तेव्हा त्यात थर नव्हते. एक चित्र दुसऱ्यावर चिकटवलं की ते खालच्यात मुरून जायचं, पुन्हा वेगळं काढता येत नसे. १९९४ च्या आवृत्तीत थर आले. याचं मोल कवीला लगेच कळतं. वहीत खोडलेली ओळ खोडलेलीच, पण दिसत राहते. उद्या तीच बरी वाटली तर उचलता येते.

आता खरी गंमत सांगते. दोन थर एकमेकांत कसे मिसळायचे याच्या वीसेक रीती असतात. त्यातली एक गुणाकाराची. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती, याचे आकडे असतात. शून्य म्हणजे काळोख, एक म्हणजे भरपूर उजेड. गुणाकारात वरच्या ठिपक्याचा आकडा खालच्याच्या आकड्यानं गुणला जातो. अर्धा गुणिले अर्धा म्हणजे पाव, म्हणून चित्र गडद होत जातं. पण पांढरा म्हणजे एक, आणि एकानं गुणलं तर काहीच बदलत नाही. मी पहिल्यांदा जास्वंदीवर मोगरा ठेवला आणि गुणाकार केला, तर मोगरा गेला की हो! उरल्या फक्त पाकळ्यांच्या सावल्या, जास्वंदीच्या अंगावर राखी सुरकुत्या पडल्यासारख्या. फूल नाही, पण ते इथं होतं एवढं कळत होतं. ते चित्र मी अजून ठेवलं आहे.

‘स्क्रीन’ नावाची रीत याच्या उलट. तिच्यात काळं नाहीसं होतं आणि उजळ ते वर येतं. बुरख्याखालचा प्राजक्त इथं कामी येतो. काळोख गळून पडतो आणि फुलं दुसऱ्या चित्रावर तरंगू लागतात.

अम्मीनं गॅलरीत तेलाच्या डब्यांत सदाफुली लावली होती. २००९ मध्ये मी साध्या मोबाइलवर तिचे फोटो काढले होते. इतके बारीक की मोठे केले तर नुसते चौकोन दिसतात. सुटा फोटो म्हणून ते निकामीच. पण थर म्हणून तळाशी घातले, थोडे धूसर केले, की वरच्या फुलांना एक गुलाबी-जांभळा रंग देतात, जो मला दुसरीकडून मिळत नाही. तसं पहिलं चित्र मी अम्मीला दाखवलं. चष्मा वरखाली करून तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “इसमें मेरी सदाफुली किधर हय?” मी वरचे थर एकेक करून बंद केले. शेवटी पडद्यावर तिचं फूल उरलं. “हां, ये,” म्हणाली, “बाकी का पसारा काय कू?” २०१४ साली अम्मी गेली. डबेही गंजून गेले. फोटो अकरा आहेत.

म्हणून एका घटनेनं मी फार अस्वस्थ झाले. तळाशी सदाफुली, वर कमळ, प्राजक्त आणि तेरडा असलेलं माझं एक चित्र कुणीतरी उचललं आणि व्हॉट्सॲपवर सोडलं. खाली मजकूर होता: हिमालयात शेकडो वर्षांनी एकदा उमलणारं दिव्य फूल, दर्शन घ्या, दहा जणांना पाठवा. ते फिरत फिरत माझ्याच मोबाइलवर आलं. पाठवणाऱ्या बाईंना मी कळवलं, तर त्यांनी हात जोडल्याची खूण पाठवली आणि विचारलं, बी कुठं मिळेल?

आम्ही साताऱ्यात राहतो. कासचं पठार अगदी जवळ. तिथं सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी खरोखरच आहे. सीतेची आसवं आहेत. नाजूक जांभळं फूल, पण वनस्पती अशी की ओल्या मातीतले बारीक जीव पकडून खाते. एवढं खरं आश्चर्य दाराशी असताना खोट्याला नमस्कार कशाला?

मग मला मन्सूर आठवला. जहांगीर बादशहा १६२० साली काश्मीरला गेला, तेव्हा उस्ताद मन्सूरनं तिथली शंभरावर फुलं रंगवली, असं बादशहानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांतली बहुतेक हरवली. लाल ट्यूलिपचं चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि ते फूल नीट ओळखता येतं. पण मुघल चित्रांच्या हाशियांवर अशीही फुलं आहेत, जी कुठल्याच झाडावर सापडायची नाहीत. पाकळी एकाची, पान दुसऱ्याचं. चित्रकाराला दोन्ही मुभा आहेत. बघणाऱ्याला आपण कुठलं बघतो आहोत हे कळलं पाहिजे, इतकंच माझं म्हणणं.

आता तर एक वाक्य लिहिलं की संगणक स्वतःच फूल काढून देतो, आणि छान देतो. मुलानं मला करून दाखवलं. मी त्याला विचारलं, हे फूल कुठल्या दिवशी उमललं होतं? तो हसला. माझ्या चित्रातल्या प्रत्येक थराला तारीख आहे, डबा आहे, पाणी घालणारं माणूस आहे. त्या यंत्राशी माझं भांडण नाही, पण मला त्याचा उपयोगही नाही.

त्या प्रकारानंतर मी चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत फुलांची नावं आणि वर्षं लिहिते: सदाफुली २००९, प्राजक्त २०२१, तेरडा २०२२. चित्र थोडं बिघडतं, असं एका चित्रकार मित्राचं म्हणणं आहे. असेल. अजूनही अधूनमधून कुणी बी मागतं. शेजारणीकडे अम्मीच्या रोपांची पुढची पिढी कुंडीत आहे. शेंगा वाळल्या की त्यातलं काळं बारीक बी मी पुडीत बांधून पाठवते आणि वर लिहिते: सदाफुली, ऊन चालतं, पाणी बेताचं.