ट्रॅक्टरवरचा हवेचा कॉम्प्रेसर : कोणता घ्यावा, कशावर चालवावा



आज आपण ट्रॅक्टरवर किंवा जीपवर ठेवायच्या हवेच्या कॉम्प्रेसरबद्दल बोलणार आहोत. विहिरीचा कातळ फोडताना सुरुंगाची भोकं पाडायला ट्रॅक्टरवर जो मोठा कॉम्प्रेसर येतो, तो निराळा. आजचा विषय चाकात हवा भरायच्या लहान यंत्राचा आहे.

आता कुणी म्हणेल, हवा काय, पंक्चरवाला भरून देतोच की! देतो खरा, पण तो सडकेवर असतो आणि हवेची गरज पडते शेतात. पैठण, गंगापूरकडची काळी भुई घ्या. वाफसा आल्यावर नांगर किंवा पेरणीयंत्र घेऊन उतरलात, की मागच्या चाकात साधारण 12 ते 14 पौंड हवा बरी. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बघावा. चाक टणक असलं तर ते जमिनीवर थोड्याच जागी टेकतं, तिथली माती दाबून घट्ट करतं, शिवाय जागच्या जागी फिरून डिझेल जाळतं. मऊ चाक पसरून टेकतं आणि पकड घेतं. पण त्याच ट्रॅक्टरला संध्याकाळी उसाची ट्रॉली जोडून डांबरी रस्त्याने कारखान्यावर जायचं असेल, तर तीच हवा कमी पडते. टायरची बगल सारखी दुमडते, तापते आणि चिरते. म्हणून शेतात हवा कमी करावी आणि सडकेवर येताना भरावी. सोडणं फुकट आहे हो, अडतं ते भरण्यापाशी. त्यामुळे बहुतेक जण वर्षभर एकाच हवेवर ट्रॅक्टर हाकतात.

ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारा ‘डक’ नावाचा ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरला जागेवर बसूनच चाकांतली हवा कमीजास्त करता येत असे. वाळूत मऊ, सडकेवर टणक. हवेचा कॉम्प्रेसर गाडीवरच होता.

आपण दुकानात गेलो की डब्यावर मोठ्ठा आकडा दिसतो, 150 पौंड! त्या आकड्याला भुलू नका. यंत्र किती दाबापर्यंत जातं, एवढंच तो सांगतो. आपल्याला विचारायचं आहे ते हे, की मिनिटाला किती लिटर हवा देतं आणि तीही किती दाबावर.

याचा हिशेब सोपा आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाची पोकळी सुमारे 200 लिटरची, म्हणजे एका पिंपाएवढी धरा. पोकळीएवढी बाहेरची हवा आत कोंबली की दाब 14-15 पौंडांनी वाढतो. चाक 12 वरून 18 पौंडांवर न्यायला 80 लिटरच्या आसपास हवा लागेल. मिनिटाला 35 लिटर देणारं लहान यंत्र हे काम तीनएक मिनिटांत करतं. आता ट्रॉलीचं ट्रकसारखं चाक घ्या. पोकळी निम्मी, 100 लिटरची, पण दाब मोठा. ते 40 वरून 80 पौंडांवर न्यायचं तर 270 लिटर हवा हवी. तिथे तेच यंत्र धापा टाकतं. डब्यावरचे 35 लिटर मोकळ्या तोंडाचे असतात. दाब चढला की हवा घटते, कित्येकदा निम्म्यावर येते. एका चाकाला पंधरा मिनिटं, चार चाकांना तास, आणि मधे यंत्र थंड करायला थांबायचं ते वेगळंच. तेव्हा नुसत्या ट्रॅक्टरच्या चाकांसाठी लहान यंत्र पुरतं, ट्रॉली जोडली की पुरत नाही.

मागच्या चाकात वजनासाठी पाणी भरलेलं असेल, तर हवेला जागा थोडीच उरते आणि दाब भराभर चढतो. अशा वेळी चाक फिरवून वॉल्व वर आणावा, नाहीतर गेजमध्ये पाणी शिरतं.

यंत्र चालवायचं कशावर? लहान यंत्र बॅटरीवर चालतं. 12 व्होल्टांवर 30 अँपियर म्हणजे 360 वॅट, अर्ध्या अश्वशक्तीच्या जवळपास. इंजिनाला हे ओझं काहीच नाही, वायरीला मात्र आहे. जीपच्या सिगारेट पेटवायच्या भोकात असलं यंत्र लावू नका, फ्यूज उडेल. चिमटे थेट बॅटरीला लावावेत, बॅटरीजवळच फ्यूज असावा आणि इंजिन चालू ठेवावं. पण शेडमध्ये दार लावून नव्हे, धुराने जीव जातो.

ट्रॉलीचं चाक लांब पडतं म्हणून बरेच जण वायर वाढवतात. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन येऊन 10 मीटर झाली, तर 30 अँपियरला दोन व्होल्ट वाटेतच खाते. यंत्र मंदावतं आणि वायर तापते. त्यापेक्षा वायर आखूड ठेवा आणि हवेची नळी लांब घ्या. हवा लांबच्या नळीतूनही येते, फार तर थोडी सावकाश.

ज्यांच्या दोन-दोन ट्रॉल्या हंगामभर सडकेवर असतात, त्यांनी इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा, ट्रकच्या ब्रेकला असतो तसा कॉम्प्रेसर बसवावा. हवा भरपूर मिळते. पण असले बरेच कॉम्प्रेसर इंजिनाच्याच तेलावर चालतात. जुन्या बाजारातून नुसता सांगाडा आणून लटकवला, तर तेलावाचून तो जाम होतो. तेलाची नळी जोडणारा मिस्त्री मिळत असेल तरच त्या वाटेला जा. पट्ट्यावर जाळी हवीच, धोतराचा सोगा किंवा पदर अडकायला वेळ लागत नाही.

त्याच्यासोबत हवेची टाकी येते. टाकी हवेसाठीच बनवलेली असावी. जुन्या गॅस सिलिंडरला नळ्या डकवून टाकी करतात, तो बाँब आहे. टाकीला सेफ्टी वॉल्व पाहिजे आणि खाली पाण्याचा नळ पाहिजे. पावसाळ्यात हवेतलं पाणी टाकीत साचतं, ते रोज काढावं. हवेबरोबर तेल येत असेल तर तेही बघा, तेलाने ट्यूब सडते.

एकच ट्रॅक्टर आहे, ट्रॉली क्वचित जोडता, अशांनी घाई करू नये. आधी चांगलं गेज घ्या. पुढची चाकं पायपंपावर होतात. चौघांनी मिळून एक बॅटरीवरचं यंत्र घेतलं तरी भागतं.

ट्रॉलीच्या चाकाला लोखंडी लॉक रिंग असेल, तर हवा भरताना रिंगेसमोर उभं राहू नका, वाकूही नका. रिंग नीट बसलेली नसली तर तोफेसारखी उडते. रिंगेभोवती साखळी बांधा, लांब नळी लावा आणि टायरच्या नक्षीच्या बाजूला उभं राहून भरा. पोरांना लांब ठेवा. बसलेलं चाक तसंच ओढून आणलं असेल तर त्यात हवा भरूच नका, आधी उतरवून रिंग आणि टायर तपासून घ्या.