धंद्यातला धीर



दुसरबीडला माझा वखर आणि पेरणीयंत्रे करण्याचा लहानसा कारखाना आहे. धंद्याला आधी भांडवल हवे, असे तरुण मला सांगतात. मी म्हणतो, त्याआधी धीर हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच पाहा ना! मुंबईतली मास्तरकी सोडून त्यांनी बेळगावास लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, ही तेव्हाची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला यात अडाणी ठरवू नये. ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर टांगलेले, तो नव्या अवजाराला बिचकणारच. मीही नवे यंत्र प्रथम गिऱ्हाइकाच्या वावरात नेतो, चार तासे काढून दाखवतो. पैशाचे बोलणे मागाहून.

पुढे बेळगावची जागा गेली. औंधच्या राजेसाहेबांनी ओसाड माळ दिला, तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्या माळावर माणसे नुसत्या पगारासाठी टिकली, हे मला पटत नाही. मालकाचे बिऱ्हाडही तेथेच होते.

मृगाच्या तोंडावर आमची भट्टी रात्री दहापर्यंत पेटती असते. त्या दिवसांत माझा डबाही कारखान्यातच येतो.