वाटखर्चाचा प्रश्न



कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रावर युनियनच्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. पण हे यंत्र आता दूर राहिलेले नाही. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला शिधा घरी न्यायचा, तर आईला यंत्रापुढे चेहरा दाखवावा लागतो. यंत्र आले की त्याच्या धोक्याचा विचार आला, आणि तो विचार होतो परिषदांत. त्या परिषदेला जाण्याचे भाडे कोणी द्यावे, एवढाच आमचा आजचा विषय.

आपल्या किनाऱ्यावरच्या एका मांगेला घरातील मुलगी मुंबईस संगणकशास्त्र शिकते. तिचा निबंध परदेशातील एका परिषदेने स्वीकारला आहे. विषय असा: घातक गोष्ट विचारली तर नकार द्यावा, असे या यंत्रांना शिकविलेले असते, पण ती शिकवण आपल्या बोलीत टिकते काय? अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली जीपीटी-४ या यंत्राची अशीच परीक्षा घेतली. इंग्रजीत ते बहुतेक वेळा नकार देई. तीच मागणी झुलूसारख्या, संगणकावर मजकूर थोडा असलेल्या भाषांत आळीपाळीने घातली, तेव्हा शंभरांतल्या ७९ मागण्यांना ते बळी पडले. झुलूच्या जागी मांगेली घाला, वारली घाला. कुलूप आहे, पण पुढच्याच दाराला!

हे सांगायला मुलीने जायचे कसे? तिने अर्ज केले. एके ठिकाणाहून उत्तर आले, की आधी स्वखर्चाने जाऊन या, पावत्या आणा, मग पैसे देऊ. ज्या घरात बोंबील वाळून विकल्यावर पैसा दिसतो, त्या घराने विमानाचे तिकीट कशाच्या जोरावर काढावे? दुसरी वाट यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांच्या देणगीची. ती घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण गिरणीच्या तपासनिसाने मालकाच्या मोटारीतून यावे, हे आम्हांस कधी रुचले नाही.

हा प्रश्न जुना आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. कामाचे तास, शिशाची विषबाधा, आगपेटीतला जबडा कुजविणारा पांढरा फॉस्फरस, हे तिथले विषय. हिंदी कामगारांतर्फे गेले ते आपल्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. त्यांचा प्रवासखर्च कोणाच्या मेहेरबानीवर नव्हता. प्रतिनिधींचा प्रवास व राहणे यांचा खर्च ज्या त्या सरकारने द्यावा, असे व्हर्सायच्या तहातच लिहिले होते. मात्र भाडे देणाऱ्या सरकारनेच माणूसही निवडला. ही निवड कामगारांच्या हाती यावी, हे १९२० साली आयटक स्थापन होण्याचे एक मोठे कारण. परिषदेने बहुतेकांना आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास दिले आणि हिंदुस्थानला साठ. तरी १९२२ च्या कारखाने कायद्यात ते साठ तास उतरले. त्याआधी तेवढेही नव्हते.

आणि प्रवासातून काय निघते, हे तलासरीकरांना आम्ही काय सांगावे? जानेवारी १९४५ मध्ये इकडचे वारली टिटवाळ्याच्या किसान परिषदेला गेले. मे महिन्यात झरीची परिषद भरली.

तेव्हा या मुलीचे भाडे ही मदत समजू नका. संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थांनी ते आगाऊ द्यावे, असा अर्ज आम्ही तयार केला आहे. त्यावर सह्या हव्या आहेत. तोवर तिकीट थांबणार नाही, म्हणून युनियनने उसनवारीचा फंड काढला आहे. पावत्यांचे पैसे परत आले की ते फंडात जमा होतील, आणि पुढच्या मुलाला किंवा मुलीला मिळतील. परिषदेत कोणी काय बोलावे, यावर वर्गणीदाराचा हक्क नाही, हे पावतीवर छापले आहे. पावतीपुस्तक मंडपाच्या दाराशी आहे. शंभर रुपयांपासून पुढे कितीही चालेल.