वेषांतर आणि ओळख

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मी चिमणीच्या उजेडात वाचल्या. नायकाने वेष पालटला की सख्खा भाऊ फसे! तेव्हा ते पटे.

पुढे आमच्या एका गेटसभेत मळके कपडे घालून खबऱ्या आला. बिडीसाठी हात पुढे केला. तळव्याला एकही घट्टा नाही. पूर्णेवरच्या या धरणाची माती वाहिलेल्यांच्या नातवंडांना अधिक सांगायला नको. बायामाणसेच आधी हसली.

क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत राहिले, त्यात वेषाचा वाटा कितीसा? ओळखणारे गावोगाव होते; त्यांनी तोंड उघडले नाही. कादंबरीकार मिशी रंगवितो, शेजारी रंगवीत नाही.

त्या खबऱ्याला आम्ही चहाही पाजला. दुसऱ्या दिवशी आमचा एक माणूस पकडला गेला. त्याचा ठिकाणा सांगणाऱ्याच्या हातांना मात्र आमच्यासारखेच घट्टे होते.