हॅम्लेटचा राग कुणावर?

'हॅम्लेट' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला राजपुत्र. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावानं हे नाटक मराठीत आणलं, गणपतराव जोशांनी रंगभूमीवर ते गाजवलं. पण मूळ नाटकाचा पहिला अंक जरा नीट वाचून बघा. हॅम्लेट एकटा उरतो आणि मनातली मळमळ बाहेर काढतो, तेव्हा खुनाचा त्याला पत्ताही नसतो. बापाचं भूत अजून त्याला भेटायचंय. मग हा जळतोय कशानं? वडील जाऊन दोन महिनेही झाले नाहीत, तोच आईनं दिराशी लग्न लावलं म्हणून.

भूत भेटतं आणि बजावतं: सूड काकावर घे, आईच्या वाटेला जाऊ नकोस. पोरगा नेमकं उलट करतो. प्रार्थनेला बसलेला काका तलवारीच्या टप्प्यात असताना त्याला सोडून देतो आणि आईच्या महालात जाऊन तिला फैलावर घेतो. पडद्याआड लपलेला राजाचा सल्लागार पोलोनियस त्या भरात मारला जातो. प्रेत तिथंच पडलेलं, आणि हा आईपुढे तिच्या दोन नवऱ्यांच्या तसबिरी धरून तुलना करत बसतो. ती पुरे कर म्हणून विनवते. अखेर भुतालाच पुन्हा यावं लागतं, तिला सांभाळ म्हणून सांगायला.

आईच्या वागण्याच्या मानानं हा क्षोभ फार मोठा आहे, असा दोष टी. एस. एलियटनं १९१९ मध्ये काढला. मला तो पटत नाही. एका घरात सगळ्यांचं दुःख एकाच दिवशी फिटत नाही. दरबारात लग्नाचा थाट, हा एकटाच काळ्या पोशाखात. आणि तो पोशाख उतरव असं सांगणारीही आईच. खुन्यावर तलवार उपसता येते. आपल्याआधी सावरलेल्या आईचं काय करायचं?

शेवटच्या प्रवेशात काका नको म्हणत असताना आई, गर्ट्रूड, विषाचा पेला पिते, तोही मुलाच्या नावानं. ती गेल्यावरच हॅम्लेटचा हात काकावर उठतो. उरलेलं विष त्याच्या घशात ओतताना, माझ्या आईच्या मागोमाग जा, असं तो बजावतो. बापाचं नाव त्या क्षणी त्याच्या तोंडी येत नाही.